वस्तरा खाली ठेवून

माझ्या सलूनमध्ये मला सगळे रेडिओ म्हणतात. राग येत नाही, कारण ते खरंच आहे. निवडणूक, क्रिकेट, डॉक्टरांची बिलं, जावयांचे स्वभाव, कुठलाही विषय काढा, मी ब्रशने फेस करता करता मत देतो. कुणी मागितलं नसलं तरी देतो. फक्त एका विषयाला मी सव्वीस वर्षांत हात लावला नव्हता. मी ख्रिस्ती आहे, रविवारी उपासनेला जातो, सकाळी शटर उघडलं की आधी दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहतो, एवढं गिऱ्हाइकांना माहीत होतं. हे सगळं कशासाठी, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. देव कुणाचा कुठलाही असो, दाढी सगळ्यांचीच वाढते, असं माझं धोरण.

गेल्या रविवारी आमचे पाळक उपदेशात म्हणाले, "साक्ष द्यायला विद्वान असावं लागत नाही. प्रभूने तुमच्यासाठी काय केलं, तेवढंच शेजाऱ्याला सांगा." हे म्हणताना ते नेमके माझ्याकडेच का बघत होते, देव जाणे. घरी येताना बायकोने विषय सोडला नाही.

"अहो, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो तुमचा. त्यातली पाच मिनिटं प्रभूला दिलीत तर काय बिघडेल?"

"गिऱ्हाइकं तुटतील."

"जावयांवर बोलता तेव्हा नाही तुटत ती?"

यावर मी चिडलो. जेवेपर्यंत चिडलेलाच होतो.

मंगळवारी सकाळी ड्रॉइंगचे मास्तर आले. हे निवृत्त शिक्षक, दर गुरुवारी साडेनवाला येणार म्हणजे येणार. मंगळवारी त्यांना दारात बघून मी घड्याळ पाहायच्याऐवजी कॅलेंडर पाहिलं.

"वार चुकला की काय मास्तर?"

"नाही. उद्या सकाळी सहाला मला ऑपरेशनला आत घेणार आहेत. हृदयाचं आहे. पुतण्या संध्याकाळी न्यायला येईल. म्हटलं, दाढी तुझ्याकडूनच करून जावी." ते खुर्चीत बसले. "नीट कर. कुणी बघायला आलं तर बरं दिसावं."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं, पण मी त्यांचा हात पाहत होतो. फळ्यावर एका झटक्यात नेमकं वर्तुळ काढणारा हात तो. आज त्याने खुर्चीची दांडी घट्ट धरून ठेवली होती. त्यांना भीती वाटत होती.  मला वाटलं, आज नाही बोललो तर कदाचित कधीच बोलता येणार नाही.

बाकड्यावर एक बस ड्रायव्हर पेपर वाचत बसला होता. त्याच्यादेखत बोलायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या डेपोत बोभाटा. होऊ दे, म्हटलं. मी मास्तरांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, फेस लावला, डावा गाल केला. तोंडातून शब्द फुटेना. मी, रेडिओ, आणि शब्द फुटेना! शेवटी वस्तरा हनुवटीखाली गेला, मास्तरांची मान मागे झाली आणि मला धीर आला. मी सुरू झालो. प्रभू येशू असा, प्रभू येशू तसा, पाळकांची वाक्यं एकामागून एक, धडाधड.

मग आरशात मास्तरांचे डोळे दिसले. ते छताकडे लागले होते आणि मास्तर श्वाससुद्धा जपून घेत होते. मला स्वतःची शरम वाटली. धीर मला का आला होता, ते कळलं. ज्याच्या गळ्यावर वस्तरा आहे, तो 'नको' म्हणणार कसा?

मी वस्तरा खाली ठेवला. खुर्ची फिरवून त्यांचं तोंड माझ्याकडे केलं. सव्वीस वर्षं आम्ही आरशातूनच बोलत आलो होतो.

"मास्तर, ऐकायचं नसेल तर सांगा. दाढी पुरी करतो आणि विषय बंद."

त्यांच्या उजव्या गालावर फेस तसाच होता. "पाळकाचं नको," ते म्हणाले. "तुझं काही असेल तर बोल."

"एकोणीस वर्षांपूर्वी मी दोन आठवडे दुकान बंद ठेवलं होतं. आठवतं?"

"ताप आला होता तुला."

"ताप नव्हता. आमची धाकटी गेली. सात महिन्यांची होती."

बाकड्यावरचा पेपर खाली आला.

"मी प्रार्थना सोडली. देवाला काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. एक दिवस स्वयंपाकघरात भांडी घासताना असाच भांडत होतो त्याच्याशी, आणि हातातलं ताट तसंच राहिलं. लक्षात आलं, मी इतके दिवस शिव्या देतोय, पण हा कुठे गेलेला नाही. माझ्याजवळच आहे. वधस्तंभावर गेलेला तो, त्याला मरण नवीन नव्हतं. आणि मरणातून तो उठला. माझी पोरगी त्याच्याकडे आहे, मास्तर, मला ती भेटणार आहे. यात मला शंका नाही."

"म्हणजे तुला मरणाची भीती वाटत नाही?"

"वाटते की. मला सुईचीसुद्धा वाटते. पण मी एकटा घाबरत नाही. तो बरोबर असतो."

मास्तरांनी नजर माझ्यावरून काढून दाराकडे वळवली. मला वाटलं, तुटलं गिऱ्हाईक. तुटलं तर तुटलं, मला त्याचं काही वाटेना. खरं सांगायचं तर इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. आवाज चढला होता. "एकोणीस वर्षं हे तुझ्याजवळ होतं?"

"हो."

"माझी बायको गेली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी याच खुर्चीत बसलो होतो. तेव्हा तू मला काय सांगितलंस, आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"पिचवर गवत ठेवायला नको होतं, असं सांगितलंस. अर्धा तास."

मी मान खाली घातली. शाळेत छडी खाल्ली तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं. "चुकलं, मास्तर."

"चुकलंच." त्यांनी कापडाच्या टोकाने गालावरचा वाळलेला फेस स्वतःच पुसून टाकला आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "ते घे इकडे आणि बस. तुझ्या त्या प्रभूबद्दल सांग, पहिल्यापासून. गाळायचं काही नाही. संध्याकाळी पुतण्या येईपर्यंत मला दुसरं काम नाही."