कोण कोणावर

आमच्या घरात मूल जन्मलं की आई त्याच्या तोंडाची वाटणी करायची. नाक बापाचं, कान आत्याचे, कपाळ कुणाचंच नाही. दादा झाला तेव्हा वाटणीचा प्रश्नच आला नाही. "हा अख्खा बापावर गेलाय," तिनं सांगून टाकलं. तीच हनुवटी, तसेच कुरळे केस आणि पाळण्यातसुद्धा तीच चुळबुळ. माझे घारे डोळे बघून ती म्हणाली, "ही माझी." तेव्हा हे सगळं कौतुक होतं.

मग बाबांचे हात बिघडले. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. चिमट्यातून स्क्रू निसटायला लागले, पुढे खांदा आपोआप उडायला लागला, आणि चालताना पाय असे पडायचे की लोक म्हणायचे, हा पितो. बाबा चहासुद्धा बेतानं प्यायचे. शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत नेता येईना, आणि जो भरवायला येईल त्याच्या अंगावर ते ताटली फेकायचे. ते गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार रक्तातून पुढे जातो. आई घरी आली, दादाकडे बघितलं आणि रडायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. बघायचं काय त्यात, मी तर तिच्यावर गेले होते.

तेव्हापासून दादा आमच्या घरचा पेशंट झाला. तब्येत ठणठणीत, पण पेशंट. दुकानात बाबांच्या टेबलाशी खरं तर तोच बसायचा. त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. पण गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलेलं असताना हाताला झटका आला तर? त्यानं टेबल आणि डोळ्याला लावायचं भिंग मला दिलं आणि स्वतः पुढच्या काउंटरवर पट्टे आणि सेल बदलत बसला. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीशी त्याचं जमलं होतं. काहीबाही कारण सांगून ते त्यानं तोडलं. तिच्या लग्नात आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्यावर रंगीत कागद त्यानंच गुंडाळला.

रिकामा बसला की तो दोन्ही हात मांडीखाली घ्यायचा. हलताना कुणाला दिसू नयेत म्हणून. "दादा, अंडी उबवतोयस का?" मी चिडवायची. तो हसायचा. माझं मात्र रीतसर लग्न झालं, लेक झाली. नवरा पुढे दुसरीकडे रमला, पण तो त्याचा स्वभाव, आमच्या रक्ताचा त्यात दोष नव्हता. आरशात घारे डोळे दिसले की मी निर्धास्त व्हायची.

मग एकदा एका नाजूक घड्याळाची केसासारखी स्प्रिंग माझ्या हातून वाकली. त्याच आठवड्यात स्क्रू सांडायला लागले. म्हटलं, झोप होत नाहीये, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दादा काउंटरवरून उठून आला, फरशीवर वाकून स्क्रू शोधून दिला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला.

"काय बघतोस?"

"काही नाही."

मला त्याचा रागच आला.

काही दिवसांनी म्हणाला, "आता रक्त तपासून आधीच सांगतात म्हणे. मला करून घ्यायचंय. पण एकट्याची छाती होत नाही. तूही दे ना रक्त, सोबत म्हणून."

"सोबतीनं सिनेमाला जातात, दादा," मी म्हटलं. पण गेले. त्याची कीव आली म्हणून गेले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेण्याआधी आम्हाला समोर बसवून समजावलं. प्रत्येक गुणाची जनुकं जोडीनं येतात, एक आईकडून, एक बापाकडून. काही प्रभावी असतात, जोडीत एकटं असलं तरी आपलंच खरं करतात. काही अप्रभावी, ती दुसऱ्यापुढे गप्प बसतात, पण जात कुठे नाहीत, पुढच्या पिढीत उतरू शकतात. "तुमच्याकडचा आजार प्रभावी जनुकाचा आहे. आईकडून चांगलं आलं तरी वडिलांकडचं बिघडलेलं एक पुरतं. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता."

'प्रभावी' हा शब्द मी आजवर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर वाचला होता.

"मला नसणार," मी म्हटलं. "मी आईवर गेलेय. डोळे बघा ना."

"डोळ्यांचा आणि याचा काही संबंध नाही." मग त्यांनी विचारलं, "वडिलांचे डोळे कसे होते?"

"काळेभोर."

"सोपं करून सांगते. घारे डोळे सहसा दोन्हीकडून मिळाले तरच दिसतात. म्हणजे त्यातलं एक वडिलांकडून आलं. त्यांच्यात ते लपलेलं होतं, एवढंच."

ज्या डोळ्यांच्या जिवावर मी आजवर आईची होते, त्यात बाबांचा निम्मा वाटा निघाला.

निकालाला आम्ही दोघं एकत्रच आत गेलो. दादाला काही नव्हतं. मला होतं, आणि ते सुरूही झालं होतं.

"अदलाबदल झाली असेल," दादा म्हणाला. "पुन्हा बघा." त्यांनी आधीच पुन्हा बघितलं होतं.

बाहेर रस्त्याकडेच्या बाकावर तो बसला, सवयीनं हात मांडीखाली घेतले आणि मग बाहेर काढले. पालथे केले, उताणे केले. "मग ही चुळबुळ कसली होती?"

"चुळबुळच होती, दादा."

"हे हात चांगले होते?" असं म्हणून तो मोठ्यानं रडायला लागला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. तो माझ्यासाठी रडत होता की स्वतःसाठी, मला कळेना. त्यालाही कळत नसावं.

"तुला आधीच कळलं होतं ना?" मी विचारलं.

"बाबांचेही स्क्रू असेच निसटायचे." त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "पण मी म्हणायचो, दोघांतल्या एकाला असणार. मला आहे म्हणजे तू सुटलीस. एवढ्यावरच तर मी दिवस काढले गं."

प्रत्येकाची निम्मी शक्यता वेगळी असते, एकानं घेतली म्हणून दुसरा सुटत नाही. हे आता त्यालाही ठाऊक होतं. सांगून काय करणार होते मी? त्याची सगळी उमेद फुकट गेली होती, आणि माझी आता जाणार होती.

घरी आई वाट बघत होती. लेकही सासरहून आलेली होती. तिला दिवस गेलेत, पोट दिसायला लागलंय. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर बोलले नसते.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती उठली, नातीपाशी गेली आणि तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "हिला काही होत नाही," ती म्हणाली. "ही मामावर गेलीय. बघा ना, हनुवटी बघा."

"आई, बास!" दादा एवढ्या जोरात ओरडला की लेक दचकली. "याच्यावर गेला, त्याच्यावर गेली! माझं आयुष्य गेलं त्यात!"

आई खाली बसली. मग लेकीनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, तू सांग. मी कोणावर गेलेय?"

मला सगळं समजलेलं होतं. निम्मी शक्यता तिची, आणि तिला असलं तर पोटातल्या जिवाचीही तेवढीच. चेहऱ्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. तरी मी तिच्या हनुवटीला हात लावला. हात हलत होता, तिला ते जाणवलं असणार.

"मामावर," मी म्हटलं. "अख्खी मामावर."

दादानं माझ्याकडे बघितलं. मग तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.