सर्टिफिकेटची मागची बाजू

मुलांनो, घटकाभर असं समजा की तुमची आई नोकरीसाठी पार समुद्रापलीकडं निघाली आहे. दोन वर्षांसाठी. तिची बॅग भरून दाराशी उभी आहे. तिनं जावं असं तुम्हाला अजिबात वाटत नाही. पण तिला जायचं आहे, मनापासून जायचं आहे, हे तिच्या चेहऱ्यावर तुम्हाला दिसतं. आता सांगा, तुम्ही कुठं बसाल? उंबऱ्यावर? बॅगेवर?

मलिकाला तर कुठंच बसवत नव्हतं. ती परसात जाऊन यायची, पाणी प्यायची, तहान नसताना पुन्हा प्यायची, आणि फिरून नानांच्या पाटाशी येऊन उभी राहायची.

मलिका नऊ वर्षांची. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या एका बोळात तिचे नाना, म्हणजे आईचे वडील लालासाब, पुस्तकं बांधायचे. पुढं दुकान, मागं घर. मलिकाचे अब्बा कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात पाळीला जायचे, आणि आई सलिमा दवाखान्यात नर्स होती. तिला मस्कतच्या मोठ्या इस्पितळानं निवडलं होतं.

पण निवडलं म्हणजे झालं, असं नसतं. तिकडच्या लोकांनी कोल्हापूर कुठं पाहिलंय? इथं शिकलेली नर्स खरी की खोटी, हे त्यांनी कशावरून ओळखायचं? म्हणून शिकल्याच्या सर्टिफिकेटवर शिक्के लागतात. आधी मुंबईत आपल्या सरकारचा, मग दिल्लीचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. पुढचा माणूस मागच्याचा शिक्का बघून आपला मारणार. सलिमा नक्कल घेऊन मुंबईला गेली, तर खिडकीतल्या साहेबांनी ती न वाचताच परत सरकवली. "मूळ कागद आणा बाई. शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर मारतात."

सलिमा सकाळच्या गाडीनं परतली, स्टुलावर चढली, दारावर टांगलेली सर्टिफिकेटची चौकट उतरवली आणि उलटी केली. मागं नुसता पुठ्ठा.

"अब्बा, ह्याला मागची बाजू कुठाय?"

"मागची कशाला पायजे? अक्षरं समदी पुढं हायती की," लालासाब म्हणाले.

सलिमानं सगळं सांगितलं. तेव्हा म्हातारबांच्या हातातला दाभण खाली आला. मुलगी पास झाली त्या वर्षी त्यांनीच ते सर्टिफिकेट जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. आलेल्या प्रत्येक पावण्याला दिसावं, वाळवीनं खाऊ नये, म्हणून चिकटवायच्या खळीत मोरचूद घातलं होतं. इतकं मन लावून त्यांनी कुराणशरीफ सोडलं तर दुसरं काही बांधलं नव्हतं.

"निघंल का न्हाय, तेवढं सांगा, अब्बा."

"मी चिकटवलेलं आजवर कधी निघालेलं न्हाय," लालासाब सवयीनं ताठ होऊन म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे कळून चौकटीचे खिळे उपसू लागले.

दुसरी प्रत मागवायची तर पावसाळा उलटला असता. मस्कतवाले तोवर थांबणार नव्हते. मुंबईच्या खिडकीवर उद्याच हजर राहायचं होतं, म्हणजे आज संध्याकाळची गाडी गाठायलाच हवी होती. रजेच्या कागदावर मोठ्या डॉक्टरांची सही राहिली होती, म्हणून सलिमा दवाखान्यात पळाली.

लालासाबांनी काचेवर सर्टिफिकेट पालथं घातलं. पुढून पाणी लावायची सोय नव्हती. सह्या दौतीच्या शाईच्या होत्या, थेंब लागला की फुटल्या असत्या. म्हणून पाठीकडून ओलं फडकं ठेवायचं, पुठ्ठा मऊ झाला की त्याचा एकेक पापुद्रा सोलायचा. शेजारच्या अक्काताई दारातनं डोकावल्या.

"लालासाब, इस्तरी फिरवा की वरनं! झटक्यात सुटंल."

"इस्तरीनं खळ आणिक धरती, आक्का."

"मग पोरीला पुठ्ठ्यासकट धाडा मस्कतला. म्हणावं, आमच्याकडं असंच शिकवत्यात, टिकाऊ!"

अक्काताई हसत गेल्या. लालासाब हसले नाहीत. मलिकाला मात्र ते हसू कुठंतरी बोचलं. ती पाटाशी उकिडवी बसली, लगेच उठली.

"नाना, न्हाय निघालं तर?"

"तर तुझी आई हितंच," नाना मान वर न करता म्हणाले.

मलिकाच्या ओठांवर एकदम हसू आलं. तिनं घाईघाईनं दुसरीकडं बघितलं. जणू नानांना ते दिसलंच असतं.

दुपार कलली तोवर पुठ्ठा जवळजवळ निघाला होता. उरला होता शेवटचा पातळ पापुद्रा. नानांनी कंबर धरत उठून पाहिलं तर घरात टीपकागद संपलेला. ओला कागद टीपकागदावरच घ्यावा लागतो.

"मी महाद्वार रस्त्यावरच्या दुकानातनं आणतो. हे बघ मलिका, नीट ऐक. आता खळ भिजलीय, कागदबी भिजलाय. फडकं वाळलं की खळ आवळती आणि कागद मधोमध फाटतो. पर तोवर मी येतोच. तू हात लावायचा न्हाय. नुसती राखण कर, मांजर येतंय."

"बरं."

नाना गेले. मलिका बसली. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि खिडकीतून येणारा वारा गरम, तव्यावरून आल्यासारखा. बोळात कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. नाना दिसेनात. जवळच्या दुकानात टीपकागद मिळाला नसेल, लांब गेले असतील.

ती उठली, दारात गेली, परत आली. फडक्याची कड पांढरी पडू लागली होती. मघा ती गडद होती. मलिकानं बघितलं, नजर वळवली, पुन्हा बघितलं. पांढरा पट्टा बोटभर आत सरकला होता.

तिला कळलं. आपल्याला काहीच करावं लागणार नाही. नुसतं सांगितलं तसं बसायचं. हात लावू नकोस म्हटलंय, नाही लावला. फडकं वाळेल, कागद फाटेल, आई राहील. रात्री तिच्याच कुशीत झोपायचं, उद्या तिनंच वेणी घालायची. आणि कुणी रागावणारसुद्धा नाही. नाना तर स्वतःलाच दोष देत बसतील.

मलिका हात मांडीखाली घेऊन बसली.

कागदाच्या कोपऱ्यातून बारीकसा आवाज आला. टिक्. कोपरा किंचित वर उचलला होता. तिला आठवलं, सकाळी आई स्टुलावरून उतरली तेव्हा तिनं ती चौकट पोटाशी धरली होती, मलिकाला तापात धरते तशी. "तिकडं लहान मुलांचा वेगळा वॉर्ड हाय मलिका, नुसता काचेचा," असं ती परवा म्हणाली होती, आणि सांगताना तिचे डोळे इतके चमकत होते की मलिकानं रागानं पाठ फिरवली होती.

टिक्. पुन्हा.

"नाना!" मलिका ओरडली. बोळातून उत्तर आलं नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कागदावर पडेल म्हणून ती आधी मागं सरकली, मग फ्रॉकच्या बाहीनं तोंड पुसून उठली. तिनं खिडकी लावून घेतली. वाळत आलेलं फडकं अलगद उचललं, पाण्याच्या वाटीत बुडवलं, पिळलं, पुन्हा पिळलं, एकही थेंब गळेना तोवर पिळलं. मग ते कागदाच्या पाठीवर कडेपासून कडेपर्यंत पसरलं, आणि उचललेल्या कोपऱ्यावर आपला तळहात हलकेच दाबून धरून ती बसून राहिली.