मला अख्खीच पुसा

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की निम्मी गोष्ट खांबाच्या कानात जाते. आजची गोष्ट एका हाताची आहे. ऐकताना राग आला तर येऊ द्या, देवानं माणसाला राग काही उगीच दिलेला नाही.

“काका, मधल्या मावशींचा उजवा हात साफ करा!” पुढच्या हॉलमधून फोटोग्राफरबाईची हाक आली.

ब्रशकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. चौतीस वर्षं ते एका फोटो स्टुडिओत फोटोंवरचे डाग घालवत आले होते. आधी काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक ब्रशानं, आता संगणकावर. ब्रश कधीच गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं. पुढे हॉलमध्ये एक संगणक आणि त्याला वायरनं बांधलेला कॅमेरा. मागच्या खोलीत काकांचा दुसरा संगणक. तिकडे खटका उडाला की श्वास घ्यायच्या आत फोटो इकडे हजर. दोघांचं काम एकच. काकांनी इकडे डाग पुसला की तो हॉलमधल्या पडद्यावर पुसला जाताना दिसायचा आणि तिकडे काही बदललं की काकांना इकडे कळायचं. एका ताटात दोघांनी जेवावं तसं.

त्या दिवशी एका मोठ्या लाँड्रीचे पाच कामगार फोटोला उभे होते. दवाखान्यांच्या चादरींना तापल्या रुळांतून काढून इस्त्री करणारी माणसं. पोस्टरवर येणार होतं, ‘आमची माणसं, आमचा अभिमान’.

काकांनी फोटो मोठा केला. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत कातडी आक्रसलेली, चकाकणारी. दोन बोटं एकमेकांना चिकटून बसलेली. भाजल्याची खूण. काकांना त्यात विशेष वाटलं नाही. आजवर त्यांनी किती मुरमं, देवीचे व्रण आणि सुटलेली पोटं पोटात घातली होती! त्यांनी सवयीनं काम सुरू केलं. अर्धा हात गुळगुळीत झाला, तेवढ्यात उघड्या दारातून मावशींचा आवाज आला.

“अहो, तो माझा हात आहे.”

“फोटोतलाच पुसतोय मावशी,” कंपनीचा जाहिरात अधिकारी हसला. “खरा तुमच्याजवळच राहणार आहे!”

“तो राहणारच. जाईल कुठे? पण पुसता कशाला?”

“पोस्टर दवाखान्यात लागणार. बघणाऱ्याला कसंतरी होतं.”

“होऊ दे की! चादर गुळगुळीत होते ती काय आपोआप?” मावशींचा आवाज चढला. “ही टोकाला उभी आहे ना, हिचा हात रुळात गेला होता. नवी होती बिचारी. रूळ थांबवायची दांडी तुमच्याच लोकांनी काढून ठेवलेली, काम भराभर उरकावं म्हणून. मी हात घातला आणि हिचा बाहेर काढला. तुम्ही कागदावर काय लिहिलंत? ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ एकदा कागदावर पुसलंत. आता इथेही पुसा!”

टोकाची मुलगी खाली बघत राहिली.

काकांचा हात थांबला. चौतीस वर्षांत फोटोतलं माणूस पहिल्यांदाच त्यांच्याशी बोललं होतं. त्यांनी केलेलं परत घेण्याची कळ दाबली. हॉलमधल्या पडद्यावर भाजलेला हात जसाच्या तसा परत आला.

“अरेच्चा! हे काय?” अधिकारी म्हणाला. “बाई, तुम्हीच करा इथून.”

फोटोग्राफरबाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी, काकांच्या देखत मोठी झालेली. तिनं माउस घेतला. हात गुळगुळीत झाला. काकांनी कळ दाबली. हात परत. तिनं पुसला. पुन्हा परत.

“काका! तुम्ही काही करताय का?”

“मी कुठे काय करतोय गं? केलेलं परत घेतोय फक्त.”

कामगार फिसकन हसले. अधिकाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. “हा काय पोरखेळ आहे? त्या म्हाताऱ्याची वायर काढा आधी!”

फोटोग्राफरबाई उठली, पण तिचा हात वायरीकडे गेला नाही. “साहेब, राहू द्या ना हात. फोटो छान आलाय.”

“मग आम्ही दुसरा स्टुडिओ बघतो. यापुढचं सगळंच काम तिकडे.”

तिची मान खाली गेली. हे मावशींनी पाहिलं.

“पोरीला कशाला धारेवर धरता?” त्या म्हणाल्या. “हात पुसायचा असेल तर मला अख्खीच पुसा. हाताला सोडून मी नाही यायची त्या पोस्टरवर.”

सगळ्यांना वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. छे!

“चालेल,” अधिकारी म्हणाला. “चौघंही पुरेत. मधे जागा होईल तिथे कंपनीचं नाव टाका. उलट बरंच दिसेल.”

ऐकलंत? सव्वीस वर्षं त्या रुळांपुढे उभी राहिलेली बाई, आणि म्हणे उलट बरंच दिसेल! अशा जिभेला देव काही का करत नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

मावशी थेट मागच्या खोलीत आल्या आणि काकांच्या शेजारी स्टुलावर बसल्या. “बघू तरी, कशी जाते मी.”

हॉलमध्ये फोटोग्राफरबाईनं माउस हातात घेतला. आधी एप्रन गेला. मग खांदा. मग तो हात. काकांचं बोट कळेवर गेलं, आता दाबणारच होतं. इतक्यात त्यावर एक आक्रसलेला, गरम पंजा येऊन टेकला.

“राहू द्या काका. हे मी सांगितलंय. त्यानं नाही पुसलं मला.”

शेवटी चेहरा गेला. तिथे कंपनीचं नाव आलं, ठळक निळं.

आणि काकांच्या नजरेला ते दिसलं. एरवी ते इथूनच ओरडले असते, “पोरी, सावली राहिली!” दिव्याच्या उजेडात पाचही जणांच्या सावल्या जमिनीवर लांबवर पडल्या होत्या, आणि मावशींची पुसायची राहून गेली होती. पुसता पुसता पोरीचे डोळे भरले असणार, आणि भरल्या डोळ्यांनी पडद्याचा खालचा भाग कुणाला दिसतो? काकांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मावशींनीही सावली पाहिली. दोघंही गप्प बसले.

पोस्टर छापलं गेलं, दवाखान्यादवाखान्यांत लागलं. तुम्हालाही कधी कुणाच्या उशाशी बसायची वेळ येईल. देव करो, न येवो. पण आलीच, तर समोरच्या भिंतीकडे बघा. चार माणसं दिसतील, मधे निळं नाव दिसेल, आणि त्या नावाखाली एका बाईची सावली असेल. आजाऱ्याच्या गुळगुळीत चादरीवरून एकदा हात फिरवा आणि तिची आठवण काढा. एवढंच मागणं आहे.