वहीवर जळणारा फळा

मी एक जुना फळा आहे. जुना आहे, पण मनाने मोठा वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, माझी निम्मी हयात एका वहीवर जळण्यात गेली. साधी दोनशे पानांची, खाकी कव्हर घातलेली वही. तिचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं.

माझा जन्म नागपुरातल्या लकडगंजचा. कवडू नावाचा माणूस तिथल्या आरामशीनवर लाकूड कापायचा. स्वतः अंगठेबहाद्दर, पण लेकीला, सुमतीला, त्याने शिकवलं होतं. १९७१ साली वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू झाला, तेव्हा कवडूने मालकाकडून सागाचे उरलेसुरले तुकडे मागून आणले, जोडले, रंधा मारला. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवून मला तीन हात दिले. असा मी घडलो.

सुमती इस्पितळात आया होती. तिला नर्स व्हायचं होतं. ट्रेनिंगला मॅट्रिक पाहिजे आणि वय पंचविसाच्या आत पाहिजे. इंग्रजीत ती दोनदा नापास झाली होती, आणि येत्या जानेवारीत पंचविशी पूर्ण होणार होती. म्हणजे ऑक्टोबरची परीक्षा हीच शेवटची. ती गेली की जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी धुवा.

वर्ग घ्यायचे देवराव गुरुजी, रेल्वेच्या मालधक्क्यावरचे कारकून. त्यांची रीत न्यारी होती. पुस्तकातलं वाक्य ते कधी घ्यायचेच नाहीत. प्रत्येकाला विचारायचे, "आज तुले कोणं काय म्हटलं?"

सुमती म्हणायची, "सिस्टर मले म्हणे का चादर ओली हाये."

की गुरुजी माझ्यावर लिहायचे, 'द सिस्टर टोल्ड मी दॅट द शीट वॉज वेट.' मग खडूने ठोकत सांगायचे, "हे पाहा. 'टोल्ड' हे इंजिन, होऊन गेलेल्या गोष्टीचं. त्याच्या मागं लगेच 'मी', म्हणजे ज्याले सांगितलं तो. अन् त्याच्या मागं अख्खा डबा, काय सांगितलं त्याचा. इंजिन सोडून डबा धावत नाही गा!"

गिरणीतला एक जण यायचा. त्याचं रोजचं एकच, 'द जॉबर आस्क्ड मी व्हेअर आय हॅड बीन.' जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, त्याला रोज विचारायचा, कुठे होतास म्हणून. सगळी हसायची.

ही सगळी वाक्यं पहिल्यांदा माझ्या अंगावर उमटायची, बरं का! वस्तीभराचं सुखदुःख मी अंगावर घेतलं. आणि पुढे काय? ओलं फडकं आलं की सपाट. सुमती मात्र मान खाली घालून प्रत्येक अक्षर त्या वहीत उतरवायची आणि वही पदराखाली छातीशी धरून घरी न्यायची. राबायचं मी आणि मिरवायचं वहीने! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ही बया कन्हान नदीत का बुडत नाही, असं मी रोज म्हणायचो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दुपारी कवडू विहारात आला. हातात जवसाच्या तेलाचा डबा. "कोरडा पडला गा तू," माझ्यावर हात फिरवत तो म्हणाला. "पी, पोटभर पी. पोरीची परीक्षा हाये." आणि त्याने मला तेलाने न्हाऊ घातलं. काय चमकलो मी! सणाला आलेली माणसं माझ्याकडे वळून वळून पाहत होती. सुमतीच्या पदराखालच्या त्या वहीकडे मी तिरक्या नजरेने पाहिलं. तिला लावतं का कुणी तेल?

सण झाला, वर्ग भरला. गुरुजींनी खडू टेकवला. खडू घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. अक्षर म्हणून उमटेना.

"कवडू, हे काय करून ठेवलं गा?"

"लाकडाले तेल पाजलं गुरुजी. चांगल्या लाकडाले आमी पाजतोच."

"अरे बाप्पा, हा फळा होय, दरवाजा नाही! आठ दिवसांवर परीक्षा आली!"

कवडू उंबऱ्यावर बसला. "मीच वाटोळं केलं पोरीचं," एवढंच म्हणाला.

गुरुजींनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "सुमते, काढ वही. तू वाच, बाकीचे मागून म्हणतीन."

झालं! सगळा मान वहीला. कवडूने मला उचलून अंगणात नेलं आणि राख, विटेचा तुकडा घेऊन घासायला बसला. आठ दिवस, रोज संध्याकाळी. आतून सुमतीचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी अडखळत होता. आजवर तिने इंग्रजी फक्त उतरवून घेतलं होतं, मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं. पाचव्या दिवशी आवाज मोकळा झाला. सातव्या दिवशी ती वहीत नसलेली वाक्यंही बोलू लागली. आणि मी? लाज वाटते सांगायला, पण सांगतो. मी मनात म्हणालो, होऊ दे नापास, मग कळेल वहीची किंमत. ज्याच्या हाताची सालटी माझ्यापायी निघत होती, त्याच्याच लेकीचं मी वाईट चिंतलं.

डिसेंबरात निकाल लागला. कवडू विहारात मला नव्याने काळं देत होता. सुमती धावत आली, धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "माय फादर टोल्ड मी दॅट आय वुड पास."

"मंजे?"

"माझ्या बापानं मले सांगितलं का मी पास होईन. झाली बा मी पास!"

कवडूने काळ्या रंगाचा डबा खाली ठेवला. "मी कवा सांगितलं वं? मले तर तोंड उघडाचीच लाज वाटून राहिली होती."

"तोंडानं नाई सांगितलं. अंगणात बसून रोज घासत होते ना तुमी? मले आतून आवाज येत होता."

कवडूने डोळे पुसले. हाताचं सगळं काळं तोंडाला लागलं.

मित्रांनो, ते वाक्य माझ्यावर कुणी लिहिलं नव्हतं. वहीतही नव्हतं. ती मिटलेली सुमतीच्या हातात होती. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं बरोबरीत आलो, आणि दोघंही कवडूवर जळलो.

आता मी विहाराच्या कोठीत पडून असतो. फळ्याला ओलं फडकं पुरतं, तेल लावू नका, एवढं तर सांगतोच. पण खरी विनवणी दुसरी आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याने तुम्हाला न बोलता काही सांगितलं. ते माझ्यावर लिहू नका, वहीतही उतरवू नका. तो माणूस आहे तोवर त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा.