खुर्चीतल्या डोळ्यांची उंची

टेपचं टोक मोजणीदाराच्या बोटांतून तिसऱ्यांदा निसटलं आणि पट्टी सर्रकन परत डबीत शिरली. जमिनीवर सिनेमाच्या पडद्याच्या कापडाचे नमुने मांडून बसलेल्या फिटरनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मोजणीदाराच्या बायकोला ते जमलं नाही.

“द्या इकडे. उगाच हट्ट.”

“तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या मी. माझ्या घरातली भिंत तू मोजणार?”

“हो, मोजणार. चाकं मागे घ्या आधी, माझ्या पायावर चढताय.”

त्यानं चाकाची खुर्ची एका हातानं मागे रेटली. दुसरा हात गेल्या महिन्यातच संपावर गेला होता. आजारच तसला. एकेक अवयव काम सोडून जातो आणि डोकं तेवढं शेवटपर्यंत हजेरी लावून सगळं बघत बसतं. हे सांगताना डॉक्टरनं दोनदा घड्याळ पाहिलं होतं.

घरात सिनेमाची खोली करायचं खूळ त्याचंच. नातेवाईक येऊन म्हणाले, छान, वेळ जाईल. वेळ जातच होता, भराभर जात होता. तरी म्हणाले.

“पांढरा घ्या साहेब,” फिटर म्हणाला. “करडा उजेडाच्या खोलीला. तुम्ही तर खिडकी बुजवलीच आहे.”

“पांढरा,” मोजणीदार म्हणाला.

“पांढराच,” बायको म्हणाली. “लिहून ठेवा भाऊ. लग्नानंतर पहिल्यांदा एकमत झालंय.”

फिटर हसला. “आता उंची. ती बघणाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरते. प्रोजेक्टर छताला एकदा बसला की चित्र तिथंच पडणार, नंतर वर-खाली नाही. कुठून बघणार?”

“पलंगावरून,” ती म्हणाली.

“खुर्चीतून,” त्याच दमात तो म्हणाला.

फिटर एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. “निजून बघायचं तर पडदा दीड फूट वर घ्यावा लागेल, थोडा पुढं झुकवून.”

“आणि खुर्चीतल्या माणसानं काय करायचं?”

“मान वर करून बघायचं. तासाभरात धरते मान.”

“मग खुर्चीच्या मापानं लावा.”

ती कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. “किती दिवस नाही म्हणाल? दवाखान्यात असतो तसला पलंग येणार आहे. मी सांगून ठेवलाय.”

“माहीत आहे. दुकानाचा फोन मीच घेतला.”

“मग? तुम्ही काय पुढंही खुर्चीतच बसणार आहात का?”

बोलून गेली आणि तिनं ओठ आत ओढले. इतके महिने जे वाक्य ती दाराबाहेरच ठेवत आली होती, ते एका परक्या माणसासमोर खोलीभर सांडलं होतं.

“मी नाही,” मोजणीदार म्हणाला. “तू.”

मग त्यानं मान फिटरकडे वळवली. “पडदा किती वर्षं टिकतो हो?”

“नीट वापरला तर पंधरा वर्षं कुठं गेली नाहीत.”

“आणि पलंग आपल्याला किती महिने लागणार आहे गं?”

तिनं पायाशी पडलेला नमुना उचलला आणि भिंतीवर भिरकावला. कापडच ते. धड आवाजही झाला नाही.

“मला नको तुमचा सिनेमा. एकटीनं बसून काय बघू? तुमची खुर्ची?”

“लगेच नको बघूस. वर्षानं, दोन वर्षांनी. रडून कंटाळा येईल, त्या दिवशी बसशील. तुझी मान आधीच दुखरी आहे.”

“आणि तोवर तुम्ही? पलंगावरून काय दिसणार तुम्हाला?”

“दिसतील की नटनट्यांची डोकी. पाय बघायचं वय गेलं आता.”

ती हसली नाही. फिटर उठला. “मी जरा बाहेर थांबू का?”

“थांबू नका. काम करा,” मोजणीदार म्हणाला. “तिला खुर्ची द्या.”

फिटरनं बाहेरच्या खोलीतली एक खुर्ची आणून बरोबर मधोमध ठेवली. बराच वेळ ती तशीच रिकामी राहिली. शेवटी बायको येऊन बसली, दोन्ही हात मांडीवर, तपासणीला बसावं तशी. फिटरनं टेपचं टोक जमिनीला टेकवलं, पट्टी तिच्या गालाशेजारून वर आणली आणि थांबला.

“वहिनी, समोर बघा जरा.”

ती हलली नाही.

“डोळे मिटलेत तुम्ही. मिटल्या डोळ्यांचं माप कसं घेऊ? एकच मिनिट.”

तिनं डोळे उघडले. पाणी पुसलं नाही. समोर नुसती भिंत होती.

“पंचेचाळीस इंच,” फिटर हळूच म्हणाला.

“चव्वेचाळीस धरा,” मागून मोजणीदार म्हणाला. “एवढी ताठ नाही बसत ती, एकटी असली की.”