चांदूरकर वकिलांचं कॉफी मशीन

अकोल्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं दिवाणी दावे लढवलेल्या हरिहर चांदूरकरांना निवृत्तीनंतर पहिलं मोठं प्रकरण मिळालं ते कॉफीचं.

दिवाळीनंतर ते आठ दिवस पुण्याला मुलाकडे राहून आले होते. तिथे केदार रोज सकाळी मशीनमधून कॉफी काढून त्यांच्या हातात कप द्यायचा. जठारपेठेतल्या घरी परतल्यावर चारुशीलाबाईंनी नेहमीचा आल्याचा चहा पुढ्यात ठेवला, तर वकीलसाहेबांना तो पांचट लागला. त्यांनी बायकोला तिथल्या तिथे निकाल सुनावला.

"आता घरी रोज कॉफी. मशीन घेऊ. तुही चहाची कटकट कायमची मिटली, असं समज."

चारुशीलाबाई मुलींच्या ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या "बरं" म्हणाल्या आणि कपबशी उचलून आत गेल्या.

वकिलांनी फाइल उघडली. खरोखरची, लाल नाडीची. प्रकरणात तीन पक्ष निघाले. एक मशीन भुकटीवर गरम पाणी ठिबकवणारं. दुसऱ्यात कॉफीची बंद डबी टाकून बटण दाबलं की कप भरायचा. तिसरं दांड्याचं, त्यात बिया दळायच्या, भुकटी ठासायची आणि वाफेने दूध फेसवायचं. दुपारभर ते मोबाइलवर व्हिडिओ बघत आणि संध्याकाळी बायकोला समजावून सांगत.

"नऊ बार दाब लागते. बार म्हणजे, तुले कसं सांगू, दाबाचं एक माप असते."

"असं का," चारुशीलाबाई मेथी निवडता निवडता म्हणायच्या.

महिना झाला तरी निकाल लागेना. वकिलांची खोड अशी, की एका बाजूचे कागद वाचले की ती बाजू पटायची, दुसरीचे वाचले की दुसरी. शेवटी त्यांनी स्थळपाहणी करायचं ठरवलं. हॉस्टेलपासूनचा मित्र देवमन. शेती नांदगाव खंडेश्वरला, बिऱ्हाड अमरावतीला. त्याच्या घरी सगळं आपोआप करणारं मशीन होतं, मुलाने आणलेलं. वकील सकाळच्या एसटीने निघाले.

मशीन ओट्यावर होतं. त्यावर क्रोशाचा रुमाल होता.

"काढ बरं एक कप," वकील म्हणाले.

"माह्याच्यानं नाही चालत ते," देवमन म्हणाला. "सून येऊ दे."

सून अपेक्षा बँकेत होती, ती येणार संध्याकाळी. तोवर दोघा मित्रांनी जुन्या गोष्टी काढत तीन वेळा चहा घेतला. तो आतून येत होता.

साडेसहाला अपेक्षा आली, पर्स ठेवली आणि पाहुण्यांसाठी मशीन सुरू केलं. त्याने आधी पाणी मागितलं. मग चोथ्याचा डबा रिकामा करायला लावला. मग स्वतःला धुऊन घेतलं आणि त्यानंतर कुठे दोन कप दिले. कॉफी उत्तम होती.

"मग दोष काय याच्यात?" वकिलांनी विचारलं.

"मशीनमध्ये काहीच दोष नाही, काका," अपेक्षा ट्रे विसळत म्हणाली. "फक्त पिणारा आणि धुणारा एकच माणूस पाहिजे."

देवमन हसला, वकीलही हसले. परतीच्या एसटीत त्यांनी टिपण काढलं: टाकीचा आकार, आवाज, ओट्यावर लागणारी जागा. अपेक्षाचं वाक्य पुराव्यात बसणारं नव्हतं, म्हणून घेतलं नाही. घरी मात्र गंमत म्हणून सांगितलं.

"हुशार आहे देवमनभाऊंची सून," चारुशीलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वकील बाहेर गेले असताना त्यांनी फाइलीची नाडी सोडली आणि तासाभरात ती वाचून काढली.

रविवारी दोघं दुकानात गेली. दुकानदाराने तिन्ही मशीन मांडली. वकील आधी डबीवाल्याच्या बाजूने बोलले, मग ठिबकवाल्याच्या, मग त्यांनी स्वतःचीच उलटतपासणी घेतली. पाऊण तासाने दुकानदार चारुशीलाबाईंकडे वळला. "काकू, तुमी सांगा."

"आमच्याकडे बोरिंगचं पाणी आहे. खार कुठं साचते याच्यात?"

दुकानदार सावरून बसला. त्याने नळ्या दाखवल्या, जाळ्या काढून दाखवल्या.

"आणि एका कपाले वेळ किती?"

"डबीवाल्याले एक मिनिट. ठिबकवालं पाच-सहा. हे दांड्याचं म्हणाल तर..." त्याने बोटं मोजली. "दळणं, ठासणं, दूध, मंग धुणं-पुसणं, वीस मिनिटं धरा. दुधाची नळी लगेच पुसा लागते, नाही तं दूध वाळून बसते. हे शौकीन लोकायचं काम हाय, काकू. रोजच्याले मी नाही म्हणत."

"हेच द्या," चारुशीलाबाई म्हणाल्या.

वकिलांना भरून आलं. महिनाभराची शिकवणी फुकट गेली नव्हती. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन ते कौतुकाने म्हणाले, "पण याले मेहनत लागते बरं. जमन तुले?"

"मले काहून जमाले पाहिजे? माही कटकट मिटली, असं तुमीच म्हणाले होते."

वकिलांनी मांडीवरचं खोकं सावरलं. विधान त्यांचंच होतं. फिरवायला जागा नव्हती.

पहिले आठ दिवस हाल झाले. दळण जाड राहिलं की कॉफी पाण्यासारखी, बारीक झालं की थेंब पडेना. चारुशीलाबाई बैठकीतून, पेपर खाली न ठेवता सांगायच्या, "जोर कमी लावा. पाण्याले वाट नाही मिळून राहिली." निदान दर वेळी बरोबर निघायचं आणि वकिलांना त्याचाच जास्त त्रास व्हायचा. दहाव्या दिवशी कॉफी पुण्याच्या तोडीची झाली. त्यांनी ती दोन कपांत ओतली, बायकोला नेऊन दिली आणि परत येऊन चोथा झटकला.

महिन्याने पातूरचे नत्थुजी आले. हे जुने पक्षकार. बांधाचा दावा वकिलांनी त्यांना अकरा वर्षांनी जिंकून दिला होता. वकील खूश होऊन समोर बसले, तोच चारुशीलाबाई म्हणाल्या, "अहो, नत्थुजीले कॉफी पाजा ना." वकील उठले.

आत दळणयंत्र घरघरलं, मग वाफ फुसफुसू लागली. त्या आवाजात बैठकीतलं बोलणं तुकड्यातुकड्याने पोचत होतं: शेजारी... मोजणीवाला... म्हैस. मग चारुशीलाबाईंचा समजावणीचा सूर आणि नत्थुजींचं पोट धरून हसणं. वाफ बंद केली तेव्हा बाहेर सारं शांत झालं होतं. गोष्टीचा रंगतदार भाग होऊन गेला होता. या ओट्यावर आपल्या पक्षकारांसाठी आजवर किती चहा झाला असेल आणि इथून बाहेरचं कितीसं ऐकू येत असेल, हा विचार वकिलांच्या मनात पहिल्यांदाच आला. तो त्यांना आवडला नाही.

ते ट्रे घेऊन बाहेर आले. नत्थुजी संकोचून अर्धे उठले.

"बसा, बसा. म्हशीचं काय झालं?"

"ते सांगून झालं बाईले," नत्थुजी डोळे पुसत म्हणाले. "बाईनं तोडगा बी काढून देल्ला. कोर्टाचं कामच नाही राहिलं."

वकिलांनी बायकोकडे पाहिलं. "सांगते मागून," त्या म्हणाल्या. "नळी पुसली का?"

नत्थुजींनी कप तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडातच ठेवला. मग तो गिळून हळूच विचारलं, "बाई, साधा चहा नाही होणार का?"

"होते ना," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत आणखी मागे रेलल्या.

वकील आत गेले. एकामागून एक तीन कपाटं त्यांनी उघडून पाहिली. चहाचं पातेलं कुठे असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.