दोनदा शिवलेला आठवा फर्मा

मी एक फसलेली कादंबरी बोलतेय. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला सांगताना अवघडायला नको. माझ्याबद्दल छापून आलेला एकुलता एक अभिप्राय पाच ओळींचा होता, आणि त्यातला पहिला शब्द होता ‘निराशा’.

माझ्या पोटात एका तरुण मुलीची गोष्ट आहे. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या एका बाईकडे ती बघत बसते. आधी सहज, मग रोज, मग तिला दुसरं काही सुचेनासंच होतं. शेवटी ती त्या घराची चावी मिळवते. माझ्या मुखपृष्ठावर एक मोठा लाल डोळा आहे. चित्रकाराने त्याला पापणीच काढली नाही. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे अगदी खरं समजा.

माझा लेखक सालस माणूस होता. त्या मुलीचं झुरणं त्याने जीव ओतून लिहिलं. पण प्रकाशकाने कागद आधीच कापून ठेवला होता. “बारा फर्मे,” ते म्हणाले, “तेराव्याचं नाव काढू नका.” फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक जुडगा. असे जुडगे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. माझी मुलगी एकशे शहात्तराव्या पानावर, चावी हातात घेऊन, परक्या दाराशी उभी होती आणि लेखकाकडे एकच फर्मा उरला होता. मग त्याने उरकलं. ती आत जाते, तिथे कुणी राहतच नसतं, सगळे तिच्या मनाचे खेळ निघतात, डॉक्टर येतात, समाप्त. एवढी झुरलेली पोर, आणि सोळा पानांत वेडी ठरवून मोकळा झाला!

आम्ही दोघी जुळ्या प्रती एकाच वाचनालयात आलो. रहस्यकथा म्हणून हातोहात फिरलो, आणि वर्षभरात आमची शिवण उसवली. मग आम्हाला बांधणीकाकांकडे पाठवलं.

बांधणीकाकांचा हात देवाने दिलेला. पण त्यांची एक सवय होती. फर्मे रचताना ते मोठ्याने आकडे मोजायचे आणि प्रत्येक आकड्यानंतर देवाचं नाव घ्यायचे. मधेच कुणी हाक मारली, तर देवाचं नाव अर्धवट राहिलं म्हणून शेवटचा आकडा पुन्हा घ्यायचे. मला रचताना ते “आठ” म्हणाले आणि आतून काकूंनी विचारलं, “अहो, दूध उतू गेलं ते तुम्हाला दिसलं नाही का?” काकांनी उत्तर दिलं, पुन्हा “आठ” म्हणाले, आणि दोन्ही प्रतींचे फर्मे शेजारी असल्याने जुळीचा आठवाही माझ्यावर ठेवला. शेवटी जुडगे मोजले तर तेरा भरले, म्हणून शेवटचा काढून जुळीच्या गठ्ठ्यात टाकला, मोजणी बरोबर आली, मला शिवून टाकलं.

म्हणून माझ्यात आठवा फर्मा दोनदा आहे आणि बारावा नाहीच. जुळीकडे बारावा दोनदा गेला. जो शेवट कुणाला एकदाही नको होता, तो तिच्याकडे दोनदा! तिला पुढे दुसऱ्या शाखेत पाठवलं. कशी असेल बिचारी.

आमच्या वाचनालयाच्या ताईंच्या टेबलावर मला एकदा निवृत्त पोस्टमनकाकांनी आपटलं.

“ताई, हे पुस्तक आहे की चकवा? पोर खिडकीशी बसली, उठली, आणि परत तिथेच येऊन बसली. मला वाटलं माझाच चष्मा गेला!”

“आणि शेवट कसा वाटला?”

“शेवट कुठाय? दारात उभी करून ठेवलीय पोरीला. एक तर आत घ्या, नाही तर घरी तरी पाठवा!”

ताई हसल्या. “काका, खरा शेवट वाचलात तर म्हणाल, दारातच बरी होती.”

या ताईंचा एक नेम होता. बुधवारी दुपारी वाचनालय वाचकांना बंद असायचं. तेव्हा त्या परत आलेली पुस्तकं पुढ्यात घेऊन, लोकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा खोडत बसायच्या. हात एका लयीत चालायचा, ओठ नामस्मरणात हलायचे. काय लिहिलंय ते त्या वाचत नसत. “देवळात शेजारचा काय मागतोय ते आपण ऐकतो का?” असं म्हणायच्या. आणि स्वतः पुस्तकात कधी एक टिंबही काढायच्या नाहीत. तीस वर्षांचा नेम.

मग ती आली.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी मुलगी. बोटांच्या टोकांना बारीक पांढरी भुकटी असायची, ती अजून माझ्या पानांच्या कडांवर आहे. पहिल्यांदा तिने मला नेलं तेव्हा दोन दिवसांत वाचलं. पंधरा दिवसांनी परत नेलं. मग परत. माझ्यासारखीला कुणी तीनदा नेतं का? मी आधी फुशारले. मग घाबरले.

ती मला खिडकीत ठेवायची. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तिची मैत्रीण राहायला गेली होती. चार वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या, एकीचा ताप दुसरीने काढला. मग मैत्रिणीला ते सगळं जड झालं असावं. ती वेगळी राहू लागली. सुरुवातीला तिने झाडांना पाणी घालायला हिला चावी दिली होती. पुढे एक दिवस म्हणाली, “चावी दे परत. आणि रोज येत जाऊ नकोस गं, मला गुदमरायला होतं.” हिने चावी दिली. पण त्याआधी तशीच दुसरी करून घेतली होती.

ती दुसरी चावी माझ्यात असायची. एकशे शहात्तर पान आणि त्यानंतर बांधणीकाकांनी लावलेलं कोरं पान, या दोघांच्या मध्ये. खूण म्हणून. मला परत करताना काढून घ्यायची, पुन्हा नेलं की तिथेच ठेवायची. हळूहळू त्या जागी चावीची खाच पडली आणि मी आपोआप तिथेच उघडू लागले.

आठव्या फर्म्यात, माझी मुलगी खिडकीशी बसते तिथे, समासात ती पेन्सिलीने लिहायची. ‘सात दहा, दिवा.’ ‘सात पंचवीस, पडदा.’ फर्मा दुसऱ्यांदा आला की दुसऱ्या आठवड्याच्या वेळा. बांधणीकाकांची चूक तिला बरोबर सोयीची पडली. मला ओरडावंसं वाटायचं, अगं, मी गोष्ट आहे, वहीसारखी वापरू नकोस! माझ्यातलीचं काय झालं ते बघ! पण माझ्यातलीचं काय झालं ते माझ्याकडे नव्हतंच.

बुधवारी ताई ते सगळं न वाचता खोडायच्या. दोनदा खोडलं. मी प्रत्येक वेळी तडफडायचे. अहो ताई, एकदा बघा तरी. पानं स्वतःहून उलटता येत नाहीत ही फार वाईट गोष्ट आहे. देवाला हात जोडायचे तर तेही नाहीत.

तिसऱ्या बुधवारी ताईंचा रबर हातातून निसटला आणि माझ्या शेवटच्या पानावर पडला. उचलताना त्यांची नजर गेली. एकशे शहात्तराव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: ‘शुक्रवारी ती गावाला. पुढे काय होतं? ही आत जाते का?’

ताईंचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी मागची पानं उलटली. वेळा वाचल्या. कोरं पान उजेडात तिरकं धरलं आणि चावीच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “देवा, नेम मोडतेय. तू सांभाळून घे.” आणि पेन्सिल उचलली.

गुरुवारी मुलगी मला घेऊन गेली. माझी सवय अशी की मी खाचेपाशी आपोआप उघडायचे. तिने न बघताच चावी आत सरकवली. शुक्रवार उजाडला तशी माझी शिवण करकरू लागली. ताईंनी लिहिलेलं माझ्यात होतं आणि ती ते बघत नव्हती! संध्याकाळी दुकानातून आल्याआल्या तिने मला पिशवीत टाकलं, रस्ता ओलांडला, जिना चढू लागली. पहिला मजला. दुसरा. तिचा श्वास मला पिशवीतून ऐकू येत होता. एवढी बेचैन मी आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि माझं तर आयुष्यच बेचैनीवर बेतलेलं.

तिसऱ्या मजल्यावर, दारासमोर, तिने मला बाहेर काढलं. चावी घ्यायला उघडलं.

कोऱ्या पानावर ताईंचं गोल अक्षर होतं. ‘जाते. आणि पुस्तक तिथेच बिघडतं. तू जाऊ नकोस. बुधवारी दुपारी ये, मी एकटीच असते. चहा करीन.’

ती पायरीवर बसली. मला मांडीवर घेऊन. ते तीन-चार वेळा वाचलं. वरच्या मजल्यावरून कुणी बादली घेऊन खाली आलं, हिने पाय आवरून वाट दिली. मग ती उठली आणि जिना उतरली. एकेक पायरी मी मोजली.

शनिवारी सकाळी ताई कुलूप काढायला आल्या तेव्हा ती दाराशी उभी.

“आज शनिवार आहे,” ताई म्हणाल्या.

“माहितीये. बुधवारपर्यंत दम निघाला नसता.”

“मग आत ये. दूध नाहीये, कोरा चहा चालेल?”

तिने मला टेबलावर ठेवलं, वर चावी ठेवली. “मी वेडी आहे का हो, ताई?”

“मला नाही गं कळत त्यातलं. ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ आपण, मी येते सोबत. मला एवढंच कळतं, तुला करमत नाही.”

त्यावर ती जे रडली, त्यातले दोन थेंब माझ्या लाल डोळ्यावर आहेत.

“ही परत कशी द्यायची?”

“हातात. घंटा वाजवून.”

रविवारी मैत्रीण गावाहून आली. या दोघी गेल्या. मी पिशवीत होते. घंटा वाजली. दार उघडलं. मुलगी म्हणाली, “मी दुसरी करून घेतली होती. चुकले.” मैत्रिणीने चावी घेतली. “बरं,” म्हणाली, आणि दार लावून घेतलं. बस. मिठी नाही, माफी नाही. असा शेवट कुणी छापला असता, तर पोस्टमनकाकांनी मला पुन्हा आपटलं असतं.

पण जिना उतरताना मुलगी म्हणाली, “ताई, भूक लागलीये,” आणि ताई म्हणाल्या, “देव पावला.”

आता ती दर मंगळवारी एका डॉक्टरांकडे जाते. कधी म्हणते बरं वाटतंय, कधी दोन दोन आठवडे गप्प असते. तिने खोली बदलली, नवीन खिडकी एका भिंतीकडे उघडते. बुधवारी दुपारी ताईंसोबत खुणा खोडायला येते. आता दोघी आधी वाचतात, मग खोडतात. तो नवा नेम.

मी मात्र बाद पुस्तकांच्या खोक्यात आहे. ताईंनी दोनदा बाहेर काढून पुन्हा ठेवलं. त्यांनाही कळेना, माझं करायचं काय. तुमच्या हाती आले तर एक विनंती आहे. कुणाच्या पुस्तकात, वहीत, कुठेही पुसट काही लिहिलेलं दिसलं तर पुसण्याआधी एकदा वाचा.

आणि एकशे शहात्तराव्या पानावर माझी मुलगी अजून दाराशी उभी आहे, चावी हातात घेऊन. मला तिची काळजी वाटते. पण समोरच्या पानावर ताईंची ती ओळ आहे, तेवढी एकच कुणी खोडलेली नाही. एक दिवस तिची मान वर होईल, ती वाचेल, आणि घंटा वाजवेल.

तोवर मी उघडीच आहे.